डोस तोच ठेवला

अपेक्षा माहेरी अजिंठ्याला निघाली, तेव्हा रिक्षात बसेपर्यंत तिच्या सूचना चालूच होत्या. तिच्या आईचं, सरूबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डोळ्यांत वेळेवर थेंब टाकायला घरात कुणी नव्हतं.

"जेवणाआधी सायलीची शुगर बघायची. सकाळी सहा युनिट. जास्त आली तर एखादं वाढवायचं, पण उगंच घाई करायची नाय. आणि औषध आणायला जाल तवा ती थंड पिशवी घेऊन जा. बाहेर ऊन लई हाय."

"अगं, दिवसभर कंपनीत मायक्रॉन मोजतो मी," तिचा नवरा सोमनाथ हसून म्हणाला. "एक पेन सांभाळता येईना व्हय मला?"

सोमनाथ वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीला होता. गिअरचे भाग मापायचे, चूक असेल तो बाजूला काढायचा, हे त्याचं काम. बजाजनगरातल्या दोन खोल्यांच्या घरात मात्र मापायचं काम अपेक्षाकडं होतं. त्यांची मुलगी सायली आठ वर्षांची असताना तिला टाइप वन मधुमेह निघाला. तेव्हापासून तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नव्हतं. ते रोज जेवणाआधी पेननं टोचून घ्यावं लागे. रात्री आणखी एक इंजेक्शन असे, दिवसभर हळूहळू काम करणारं. किती जेवली, किती खेळली, ताप आहे का, परीक्षा आहे का, सगळं बघून अपेक्षा डोस ठरवायची. आता सायली तेरा वर्षांची झाली होती. पेन स्वतः टोचून घ्यायची, पण आकडा आई सांगेल तो.

अपेक्षा गेली त्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी जेवणाआधीचं इन्सुलिन संपत आलं. सोमनाथची जनरल शिफ्ट होती, पण त्या दिवशी सुट्टी होती. तो स्कूटी घेऊन उस्मानपुऱ्यातल्या नेहमीच्या मेडिकलवर गेला. थंड पिशवी घरीच राहिली. दुकानदारानं खोक्याबरोबर बर्फाचं पाकीट दिलं आणि म्हणाला, "भाऊ, सीधा घर जाओ. कहीं रुकना मत."

सोमनाथनं खोकं सीटखालच्या डिकीत ठेवलं. परतताना तिसगावचा फाटा आला आणि त्याला आठवलं, सखारामच्या नव्या घराची वास्तुशांती आज आहे. सखाराम त्याच्या गावचा, लहानपणापासूनचा दोस्त. तोंड दाखवून निघू, म्हणून तो वळला. पण तिथं गावाकडची निम्मी मंडळी भेटली. जेवण झालं, पान झालं, मग कुणाच्या तरी पोराच्या लग्नाची बोलणी निघाली. स्कूटी बाहेर पत्र्याच्या कुंपणाला लागून उन्हात उभी होती. तो उठला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि सीटला हात लावता येत नव्हता.

घरी येऊन त्यानं डिकी उघडली. बर्फाच्या पाकिटाचं कोमट पाणी झालेलं. खोकं हाताला गरम लागलं. त्यानं पेनात घालायच्या औषधाचं एक कार्ट्रिज काढून उजेडात धरलं. आतलं औषध पाण्यासारखं स्वच्छ दिसत होतं. खराब झालं असतं तर दिसलं असतं की, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि खोकं फ्रिजमध्ये ठेवलं. सायली आतल्या खोलीत चित्र काढत बसली होती. "आणलं का पप्पा?" तिनं विचारलं. "आणलं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून सायलीची शुगर चढायला लागली. दुपारी अडीचशे, संध्याकाळी तीनशे. कधी नव्हे ते ती सारखी पाणी प्यायला लागली.

"काय खाल्लं?" सोमनाथनं विचारलं.

"कायच नाय. रोजचंच."

"रोजचं खाल्ल्यावर रोजच्यासारखी आली असती ना."

त्याच आठवड्यात गावाकडून त्याच्या भावानं केसर आंब्याची पेटी पाठवली होती. पेटी स्वयंपाकघरात खिडकीखाली उघडीच होती. सोमनाथनं वाकून बघितलं. वरच्या थरातला पिकलेला मोठा आंबा जागेवर नव्हता.

"आंबा कुठं गेला इथला?"

"भागूबाईंना दिला. जिना झाडायला आल्या होत्या, त्यांच्या नातीला पाहिजे होता."

"भागूबाईंना दिला का तू खाल्ला?"

आंबा सायलीला बंद नव्हताच. मम्मी तिला फोड मोजून द्यायची आणि तेवढं इन्सुलिन वाढवायची. चोरून खायची वेळच तिच्यावर कधी आली नव्हती. "आईशप्पथ पप्पा, मी नाय खाल्ला," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, आणि सोमनाथला तो आवाज खोटं बोलणाऱ्याचा वाटला. किंवा तसा वाटला तर बरं, असं त्याला कुठंतरी आत वाटलं. त्यानं पेटी उचलून कपाटावर ठेवली, तिचा हात पोचणार नाही अशी.

त्यानं सकाळचा डोस सहाचा सात केला. शुगर उतरली नाही. आठ केला. मग नऊ. सायली चिडचिडी झाली होती, डोकं दुखतं म्हणत होती, पण आता ती त्याला काही सांगायला येत नव्हती. शुगर तपासली की मीटर टेबलावर उताणं ठेवून निघून जायची. सोमनाथ आकडा वाचायचा आणि म्हणायचा, "बघ. तुझ्या पोटात काय जातं ते मशीनला कळतं."

संध्याकाळी अपेक्षाचा फोन आला. त्यानं आकडे सांगितले. ती काळजीत पडली.

"असं तर कधी होत नाय. सुई बदलली का? जागा बदलून टोचती का?"

"सगळं केलं."

"मग औषधच खराब असंल. नवं आणलं ना तुम्ही? उन्हात तर नव्हतं राहिलं?"

सोमनाथ गॅलरीत उभा होता. खाली पोरं सायकली फिरवत होती. हो म्हणायला एक शब्द पुरला असता. पण त्या शब्दामागं तिसगाव होतं, घरीच राहिलेली पिशवी होती, कपाटावर चढवलेली पेटी होती आणि आईशप्पथ म्हणणारी पोरगी होती.

"नाय," तो म्हणाला. "सीधा घरी आणलं."

"मग पोरगी काहीतरी खात असंल," अपेक्षा हळूच म्हणाली. "वय तसं हाय. रागवू नका तिला. मी आल्यावर बोलते."

सोमनाथनं फोन ठेवला. आता खरं काय ते त्याला कळलं होतं. कळलं तर त्याला आधीच होतं, पण अपेक्षानं विचारल्यावर ते नाकारायची सोय राहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी कंपनीतून येताना त्यानं कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून नवं कार्ट्रिज घेतलं, खिशात न ठेवता हातातल्या डब्यात बर्फावर ठेवून आणलं. फ्रिजमधलं उन्हात राहिलेलं सगळं खोकं खाली नेऊन रस्त्यातल्या कचराकुंडीत टाकून दिलं. झालं, मिटलं, असं त्याला वाटलं. उद्यापासून शुगर खाली येईल आणि कुणाला काही सांगायला लागणार नाही.

सायलीची सकाळी खो-खोची प्रॅक्टिस असायची. उन्हाळी शिबिर होतं, जवळच्याच मैदानावर. सोमनाथनं पेनमध्ये नवं कार्ट्रिज घातलं. मीटरवर तीनशेच्या वर आकडा होता.

"नवं का घातलं?" सायलीनं विचारलं. "जुन्यात हाय की अजून."

"संपत आलं होतं ते."

तिनं पेन हातात घेतलं. थोडं थांबून विचारलं, "मग डोस?"

तेरा वर्षांची पोर, पण पाच वर्षं ती हे सगळं बघत आली होती. सोमनाथला वाटलं, हिला समजलंय. नवं औषध ताजं, म्हणजे डोस परत सहावर आणायला पाहिजे. पण सहा म्हटलं तर ती विचारणार, का? जुनं खराब होतं का? कशानं खराब झालं? आणि समोर मीटरवर तीनशेचा आकडा दिसत होता. एवढी शुगर आहे, तर जास्तच पाहिजे की, असाही एक हिशोब मनात तयार झाला, आणि त्या हिशोबाचा त्याला आधार वाटला.

"डोस तोच," तो म्हणाला. "उलट एक वाढव. दहा घे."

सायलीनं पेनचं बटण दहावर फिरवलं, पोटाला टोचलं, पोहे खाल्ले आणि बूट घालून गेली. सोमनाथ आंघोळीला गेला.

मैदानावरून तिच्या सरांचा फोन आला तेव्हा तो शर्टाची बटणं लावत होता. "साहेब, लवकर या. सायली पडलीय. अंग आकसतंय तिचं."

तो तसाच पळाला. मैदान दोन गल्ल्या पलीकडं होतं, तरी संपता संपेना. मुली घोळका करून उभ्या होत्या. सायली मातीत पडली होती, घामानं भिजलेली. डोळे अर्धे उघडे, पण त्यात ओळख नव्हती. जबडा आवळलेला, हात झटके देत होते. एक मुलगी पाण्याची बाटली तिच्या तोंडाला लावत होती. "पाणी नका देऊ! श्वासात जाईल!" सोमनाथ ओरडला. त्यानं तिला कुशीवर वळवलं. घरी फ्रिजच्या दारात शुगर एकदम उतरल्यावर द्यायचं इंजेक्शन होतं, डॉक्टर मॅडमनी मुद्दाम दिलेलं. तो ते न घेताच आला होता. सरांनी रिक्षा थांबवली. रिक्षात तिचं डोकं मांडीवर धरून तो एकच बोलत राहिला, "सायली, ए बाळा, पप्पा हाय, पप्पा हाय."

जवळच्या दवाखान्यात शिरेत ग्लुकोज दिलं. हळूहळू झटके थांबले. मग पापण्या हलल्या. मग ती म्हणाली, "मम्मी," आणि परत डोळे मिटले. सोमनाथ भिंतीला टेकून खाली बसला. एक नर्स म्हणाली, "उठा दादा, आता बरी आहे ती. खुर्ची घ्या."

ड्युटीवरचा डॉक्टर तरुण होता. त्यानं विचारलं, "सकाळी इन्सुलिन किती घेतलं?"

"दहा."

"नेहमी दहाच घेते?"

सोमनाथनं सायलीकडं बघितलं. तिनं डोळे उघडले होते, ती ऐकत होती.

"हो," तो म्हणाला.

"मग खेळामुळं झालंय. पळापळीत साखर जळते." डॉक्टर सायलीकडं वळला. "नाश्ता नीट केला नव्हतास का?"

सायलीनं आधी वडिलांकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "अर्धेच पोहे खाल्ले. बाकीचे चिमण्यांना टाकले."

"का बरं? डोस घेतल्यावर जेवण सोडायचं नसतं, माहीत आहे ना तुला?"

"शुगर खाली यावी म्हणून." तिचे ओठ कोरडे पडले होते. "पप्पा, सॉरी. माझ्यामुळं झालं. तीन-चार दिवस झाले, मी कमीच खाते. म्हटलं, कमी आली तर तुम्ही रागावणार नाय."

तीन-चार दिवस सोमनाथच्या समोर ताटावर बसून ही पोरगी उपाशी राहत होती, आणि तो मीटर वाचून तिला चोर ठरवत होता. त्यानं तिच्या केसांतली माती झटकायला हात पुढं केला, पण हात मध्येच थांबला.

डॉक्टर औषधाच्या कागदावर लिहीत म्हणाला, "ठीक आहे. आता थोडं खायला द्या. दुपारच्या जेवणाला नेहमीपेक्षा जरा कमी देऊ. सकाळचा डोस दहा आहे म्हणजे दुपारचाही तेवढाच असेल. आज आठ द्या. संध्याकाळी नेहमीवर या."

आठ. सोमनाथनं मनात हिशोब केला. सायलीचं दुपारचं खरं माप पाच होतं. आठ दिलं तर ती परत पडणार. घरी पडेल. कदाचित त्याच्या समोर, कदाचित तो कंपनीत असताना. डॉक्टर कागद फाडून देत होता. त्याला बाहेर नेऊन हळूच सांगता आलं असतं. मनात तेच आलंही होतं.

"थांबा डॉक्टर," तो म्हणाला. "दहा तिचा नेहमीचा डोस नाय. सहा हाय. खोटं बोललो मी."

डॉक्टरचं पेन थांबलं.

"औषध उन्हात ठेवलं मी. स्कूटीच्या डिकीत. तिसगावला जेवायला थांबलो होतो. ते खराब झालं, म्हणून शुगर चढत होती. मी डोस वाढवत गेलो. काल नवं आणलं, आणि वाढवलेला डोस तसाच ठेवून वर आणखी एक दिलं." मग तो सायलीकडं वळला. "तू काय खाल्लं नव्हतं. तुझं काय चुकलं नाय. सगळं मी केलं."

सायलीनं तोंड भिंतीकडं फिरवलं. सलाइनची नळी लावलेला हात मात्र तिनं तसाच ठेवला, हलवायचा नाही असं नर्सनं सांगितलं होतं म्हणून.

डॉक्टरनं तिथूनच सायलीच्या नेहमीच्या डॉक्टर मॅडमना, हिमानी मॅडमना, फोन लावला आणि सोमनाथच्या हातात दिला. त्यानं परत सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते सोपं गेलं नाही. मॅडम मध्ये बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "आज दुपारी तीनच द्या. दर दोन तासांनी तपासा. रात्रीचं इंजेक्शन थोडं कमी करू, ते मी संध्याकाळी फोनवर सांगते. उद्यापासून जुने डोस. आणि सोमनाथराव, औषध खराब होतं, माणसाकडून होतं. माझ्याकडूनही झालंय. त्यासाठी मला फोन करायचा असतो. तुम्ही फोन केला असता तर दोन मिनिटांचं काम होतं."

"व्हय मॅडम."

"पुढच्या आठवड्यात तिघंही या."

सायली पडल्याचं फोनवर कळताच अपेक्षा अजिंठ्याहून मिळेल त्या गाडीनं निघाली होती. ऊन तापलेलं असताना ती पोचली. केस विस्कटलेले, हातात नुसती पर्स. सोमनाथ दवाखान्याच्या जिन्यातच तिची वाट बघत उभा होता. "बरी हाय ती," त्यानं आधी सांगितलं, आणि मग तिला पुढं जाऊ न देता बाकीचं सांगितलं. फोनवर खोटं बोललो, हेही सांगितलं.

अपेक्षा एका पायरीवर उभी राहून ऐकत होती. ती ओरडेल, असं त्याला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही नाय म्हणालात, अन् मी पण पोरीवरच संशय घेतला." मग त्याला बाजूला सारून वर गेली. दारातून त्याला दिसलं, सायली आईच्या पदरात तोंड खुपसून रडत होती. सकाळपासून ती पहिल्यांदाच रडत होती.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं पेटी कपाटावरून खाली काढली. निम्मे आंबे वास सोडायला लागले होते. सायली पलंगावर बसून त्याच्याकडं बघत होती.

"पप्पा, तुम्हाला कधी कळलं होतं? औषध खराब झालंय म्हणून?"

"मम्मीनं फोनवर विचारलं तवा." मग त्यानं स्वतःलाच थांबवलं. "नाय. त्याच्या आधीच. गरम खोकं हातात घेतलं तवाच थोडं कळलं होतं."

"म्हणजे आंब्याचं विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"व्हय."

तिनं मान हलवली आणि चित्राची वही उघडली. त्यापुढं त्या विषयावर ती बोलली नाही. त्या रात्री नाही, नंतरही नाही.

पुढच्या आठवड्यात उस्मानपुऱ्यात हिमानी मॅडमनी सायलीला समोर बसवून सगळं समजावलं. खेळाच्या दिवशी डोस किती कमी करायचा, औषधाचा संशय आला तर काय करायचं, कुणाला विचारायचं. सोमनाथ मागच्या खुर्चीत बसून ऐकत होता. मॅडम म्हणाल्या, "आता डोस सायली ठरवेल. आई-बाबा फक्त बघतील." सायली लगेच हो म्हणाली.

तेव्हापासून सायलीच डोस ठरवू लागली. पेन फिरवून ती मम्मीला दाखवायची, मग टोचायची. सोमनाथ शेजारी बसलेला असला तरी त्याच्याकडं पेन यायचं नाही. एकदा त्यानं विचारलं, "किती घेतलं?" ती म्हणाली, "घेतलं बरोबर." आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला समजूत तरी घालता आली असती. तो कंपनीत मापं घेताना मध्येच थांबायचा, आणि त्याच्या डोळ्यांसमोर ती मातीत पडलेली यायची. शिफ्टमधले लोक विचारायचे, काय झालं? तो म्हणायचा, काय नाय.

शाळा सुरू झाल्यावर एका दुपारी, तो लाइनवर असताना, तिचा फोन आला. अपेक्षा बाजारात गेली होती आणि तिचा फोन लागत नव्हता.

"पप्पा, दोनशे साठ आलीय," सायली म्हणाली, आणि त्यानं काही विचारायच्या आत, घाईघाईनं, "मी काय खाल्लं नाय."

सोमनाथ मशीनच्या आवाजापासून दूर, स्टोअरच्या भिंतीआड गेला. ते वाक्य तिच्या तोंडी त्यानंच घातलं होतं, आणि ते तिथून कधी जाईल ते त्याला माहीत नव्हतं.

"खाल्लं असलं तरी चालतंय," तो म्हणाला. "मला आधी सांग, बरं वाटतंय का? डोकं दुखतंय?"

"नाय. तहान लागलीय फक्त."

"पाणी पी. तुझं काय म्हणणं? किती घ्यायचं?"

पलीकडं पंख्याचा आवाज येत होता.

"नेहमीचे पाच, अन् वरचं एक. सहा. उद्या सकाळी प्रॅक्टिस हाय, म्हणून जास्त नको."

"मग सहा घे. दोन तासांनी परत बघ."

"तुम्हाला फोन करू का मम्मीला?"

"मम्मी येईलच तवर. पण मलाही कर," सोमनाथ म्हणाला. "मी थांबतो."

ती बरं म्हणाली. तो लाइनवर परत गेला आणि दोन तास त्यानं फोन वरच्या खिशात, छातीशी ठेवला. फोन आला तेव्हा शुगर उतरली होती. तिनं आकडा सांगितला, आणखी काही बोलली नाही, पण फोन तिनंच केला होता.